मार्जबाई गेल्या म्हणे

जूनचा शेवटचा आठवडा होता. पाऊस रोज संध्याकाळी भरून यायचा आणि जळगावला वाकुल्या दाखवून पुढे निघून जायचा. मी डाळ मिलमधून घरी येऊन नुकते हातपाय धुतले होते, तेवढ्यात तायडीचा फोन आला. तायडी माझी धाकटी बहीण. ती मिशिगनमध्ये असते, म्हणजे तिच्याकडे तेव्हा सकाळ. तिचा फोन यायचा तो रविवारी, आणि तोही मायच्या मोबाइलवर. हा आडवारी आला होता आणि माझ्या मोबाइलवर. परदेशातून अवेळी फोन आला की पोटात जे व्हायचं ते झालंच.

"भाऊ, मार्ज गेली."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. माय गवार निवडत बसली होती. 'गेली' एवढंच तिच्या कानावर पडलं.

"कोन मरनं व माय?"

"कोणी नाही गं, टीव्हीतली बाई आहे."

पण खान्देशात मेलेल्या माणसाला इतक्या स्वस्तात सोडत नाहीत. वय काय होतं, दुखणं काय होतं, मागे कोण आहे, कधी उठवणार, सगळी चौकशी होते. मायने विचारलं, "कितला वरीसनी व्हती?" मी म्हटलं, पस्तिशीची असेल, आणि गेली पस्तीस वर्षं पस्तिशीचीच आहे. हे उत्तर तिने ऐकलंच नाही. "मंग पोरे धाकलाच शेतस!" म्हणून ती हळहळली आणि गवारीच्या शिरा जरा जास्तच जोरात ओढायला लागली.

पोरं धाकलीच आहेत, हे मात्र खरं. 'द सिम्पसन्स' नावाचं हे कार्टून अमेरिकेत १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. त्याच्याही दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये, दुसऱ्या एका कार्यक्रमात मधे मधे त्याचे छोटे तुकडे दाखवायचे. मॅट ग्रेनिंग यांनी ही पिवळ्या रंगाची माणसं काढली. बाप होमर, आई मार्ज, दहा वर्षांचा बार्ट, आठ वर्षांची, चुकीला चूक म्हणणारी लिसा आणि तोंडात चोखणी घेतलेली मॅगी. तेव्हाही बार्ट दहाचा होता, आजही दहाचाच आहे. १९९५ च्या एका भागात त्यांनी भविष्य दाखवलं होतं, २०१० सालचं, लिसाच्या लग्नाचं. ते २०१० येऊन गेलं. लिसा अजून दुसरीत.

आमच्याही घरात भाऊ मोठा आणि बहीण दोन वर्षांनी धाकटी. अप्पांची नोकरी दीपनगरला, भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्रात. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये वाढलो. खिडकीतून चिमण्या दिसायच्या. २००० च्या आसपास केबलवर स्टार वर्ल्ड लागायचं. एका संध्याकाळी चॅनेल बदलताना तायडीचा हात थांबला. पडद्यावर एक जाड, टकला माणूस वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीत घोरत होता. आम्ही दोघांनी एकदम अप्पांकडे बघितलं.

अप्पांना विनोद कळला नाही, असं नाही. त्यांना तो विनोदच वाटला नाही. "पॅनलसमोर झोपला? ह्याला मेमो कसा नाही दिला अजून?" पुढची कितीतरी वर्षं, अगदी रिटायर होऊन आम्ही जळगावला आलो तरी, ते येता-जाता थबकून होमरची चौकशी करत. मेमो मिळाला का? रिलिव्हर आला का? होमरचं केंद्र अणुऊर्जेचं आहे, आपलं कोळशाचं, हे मी त्यांना समजावून बघितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, मग तर ह्याला सस्पेंडच करायला पाहिजे. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी आल्यावर, ताटावरचं झाकण काढता काढता, त्या काल्पनिक माणसाच्या निष्काळजीपणावर खरोखर चिडणारा दुसरा प्रेक्षक जगात असेल असं मला वाटत नाही.

आम्हाला त्यातले निम्मे विनोद कळत नसत. इंग्रजी आमचं पाठ्यपुस्तकातलं. तायडी वही घेऊन बसायची आणि ऐकू आलेला शब्द कानाला येईल तसा देवनागरीत लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी डिक्शनरीत शोधायचा. स्पेलिंगच माहीत नसल्यामुळे सापडायचा नाही. मग आम्ही त्याला आमचा अर्थ लावून टाकायचो. ते अर्थ आजही आमच्यात चालू आहेत, आणि इथे लिहिण्यासारखे नाहीत. सुरुवातीच्या गाण्यात ते कुटुंब धावत येऊन सोफ्यावर बसतं आणि दर वेळी तिथे काहीतरी वेगळंच घडतं. आमच्याकडे सोफा नव्हता, दिवाण होता. गाणं सुरू झालं की मी पलीकडच्या खोलीतून धावत येऊन दिवाणावर उडी मारायचो. त्याची एक फळी त्यातच गेली. अप्पांनी तिथे वीट लावून दिली आणि ती वीट आम्ही कॉलनी सोडेपर्यंत तिथेच होती.

हे सगळं सांगायचं कारण, मार्ज ज्या भागात गेली तो भाग मुळात मार्जच्या मरणाचा नाहीच. तो १८ मे २०२५ ला अमेरिकेत दाखवला गेला. छत्तिसाव्या पर्वाचा शेवटचा भाग. त्यात बार्ट आणि लिसा दोघं मिळून बघायचे ते उंदीर-मांजराचं रक्तबंबाळ कार्टून बघणं सोडून देतात. बस, एवढंच होतं. भांडण नाही, वाटणी नाही. एकत्र बसून बघायचं बंद होतं. मग गोष्ट पस्तीस वर्षं पुढे जाते. बहीण-भाऊ एकमेकांना दुरावलेले, होमर म्हातारा झालेला, आणि मार्ज वारलेली. तिच्या थडग्याच्या दगडावर लिहिलंय: प्रिय पत्नी, आई, आणि पोर्क चॉपला मसाला लावणारी. पुढे काय होतं ते सांगत नाही, ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं.

भाग दाखवल्यावर महिनाभर फारसं कोणी काही बोललं नाही. मग कुठल्या तरी बातमीने पेट घेतला आणि जगभर बोंब झाली: छत्तीस पर्वांनंतर मार्जला मारलं! चाहते हवालदिल. कोणी म्हणालं, आता आम्ही बघणार नाही. कोणी म्हणालं, आम्ही तर वीस वर्षांपूर्वीच बघणं सोडलंय, तरी संताप होतोय. (हा माणूस मला फार आवडला.) शेवटी मालिकेचे सूत्रधार मॅट सेल्मन यांना खुलासा करावा लागला, की भविष्यातले भाग हे सगळे कल्पनेचे खेळ असतात, दर वेळी वेगळे असतात. थोडक्यात, मार्जबाई पुढच्या पर्वात स्वयंपाकघरात हजर असतील. आणि मालिका चाळिसाव्या पर्वापर्यंत चालवायचं तर एप्रिलमध्येच ठरलेलं होतं. म्हणजे सुतक लागायच्या आधीच फिटलेलं.

तायडीला हे सगळं फोन करायच्या आधी माहीत होतं. तिने नंतर कबूल केलं.

आता आमच्याबद्दल. २०१८ च्या एप्रिलपर्यंत आम्ही दोघं, ती तिथे आणि मी इथे, वेगवेगळ्या वेळी का होईना पण एकच भाग बघून एकमेकांना लिहायचो. अप्पा २०१६ मध्ये गेले, त्यानंतर तर जास्तच. होमर कुठे झोपलेला दिसला की तायडीचा मेसेज यायचा: "मेमो." एवढाच एक शब्द.

मग अपूचं प्रकरण झालं. अपू म्हणजे त्या मालिकेतला भारतीय दुकानदार, चोवीस तास दुकान उघडं ठेवणारा. त्याचा आवाज हँक अझारिया हे गोरे कलाकार काढायचे, मुद्दाम घोळवलेल्या हेलात. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने त्यावर माहितीपट केला. त्याचं म्हणणं साधं होतं: टीव्हीवर आमच्यासारखा दिसणारा एकच माणूस होता, आणि शाळेत पोरं आम्हाला त्याच्या आवाजात चिडवायची. एप्रिल २०१८ च्या एका भागात मालिकेने त्याला उत्तर दिलं. काय दिलं, तर लिसा थेट प्रेक्षकांकडे बघून म्हणते, की पूर्वी ज्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं ते आता चुकीचं ठरतं, त्याला आपण काय करणार? शेजारी अपूचा फोटो.

मी जळगावात बसून तायडीला लिहिलं, "बरोबरच बोलली. एवढं काय लावून घ्यायचं? आपण नाही का हसायचो?"

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं ते लांबलचक. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये एकाने तिला त्याच हेलात 'पुन्हा या' म्हणून दाखवलं होतं आणि टेबलावरचे सगळे हसले होते. तीही हसली होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पण तिचा राग त्याच्यावर नव्हताच. शेवटी तिने लिहिलं होतं, "आणि हे त्यांनी लिसाच्या तोंडी घातलं, भाऊ. लिसाच्या! आणि तू म्हणतोस बरोबर बोलली."

मला तेव्हा खरंच कळलं नाही. आम्ही अपूला हसलो कारण तो आमच्यातला वाटायचाच नाही. तो बंगालकडचा, त्याचं आडनाव वाचता वाचता जीभ अडखळायची, आणि आमच्या कॉलनीतल्या वाण्याशी त्याचं काही साम्य नव्हतं. खान्देशात राहून अपूला हसणं फुकट होतं. तायडीला त्याचे पैसे पडत होते. जानेवारी २०२० मध्ये अझारियांनी अपूचा आवाज सोडला, नंतर माफीही मागितली. मी त्यांच्याही मागे राहिलो. मी तिला सॉरी म्हटलं नाही. 'मेमो' लिहून पाठवला. तिने अंगठा पाठवला. आमच्यात भांडण असं नव्हतंच. रविवारी फोन असायचा, मायचं बी.पी., पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा. पण भाग बघून लिहिणं बंद झालं ते झालंच.

लॅरी गेला तेव्हा मी एकटाच होतो. लॅरी कोण, हे तुम्ही ओळखणार नाही, त्याचाच तर तो भाग आहे. मालिकेतल्या मो नावाच्या माणसाच्या गुत्त्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारा एक गिऱ्हाईक, १९८९ च्या पहिल्या भागापासून बसलेला आणि क्वचितच तोंड उघडलेला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी त्याला मारलं. मग होमर आणि मित्रमंडळी त्याच्या अस्थी घेऊन निघतात, आणि त्यांच्या लक्षात येतं की इतकी वर्षं शेजारी बसूनही आपल्याला या माणसाविषयी काहीच माहीत नाही. त्या वेळीही चाहते इतके कळवळले, की टिम लाँग या निर्मात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. लोकांना तो इतका जवळचा वाटत होता याचा आनंदही झाला, असंही तो म्हणाला.

दीपनगरच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ बसायचे. अप्पा त्यांना रोज 'राम राम' करायचे. एकदा ते बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून अप्पांनी टपरीवाल्याकडे चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, ते गेले की साहेब, दोन महिने झाले. "नाव काय हो त्यांचं?" अप्पांनी विचारलं. टपरीवाल्याला तेही माहीत नव्हतं. त्याच्या वहीत 'बाकवाले' म्हणून खातं होतं, सत्तावीस रुपयांचं. ते अप्पांनी भरलं. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, सायकलच्या दांडीवर. लॅरीचा भाग बघताना हे सगळं जसंच्या तसं आठवलं आणि मोबाइल हातात घेतला. तायडीला लिहायला सुरुवात केली आणि खोडून टाकलं.

चाहत्यांची एक गंमत आहे. 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही' हे वाक्य बोलतो कोण? जो अजून ताटावर बसलाय तोच. आमच्याकडे थंडीत भरिताच्या पार्ट्या होतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर कुटलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. माझे एक मामा दर वर्षी पहिला घास घेतात आणि मान हलवतात: यंदाच्या वांग्यात दम नाही. गेल्या वर्षी होता का? तर गेल्या वर्षीही नव्हता. शेवटचं चांगलं भरीत त्यांनी कधी खाल्लं याचा शोध घेत गेलं तर आपण त्यांच्या लग्नाआधीच्या काळात पोचतो. हे बोलत असताना त्यांचं तिसऱ्यांदा वाढून झालेलं असतं. त्यांना न बोलावता कोणी पार्टी करून बघावी!

सिम्पसन्सवाल्यांनी हा मामा फार लवकर ओळखला. फेब्रुवारी १९९७ मध्ये, म्हणजे मालिकेला आठ वर्षंही झाली नव्हती तेव्हा, त्यांनी एक भाग केला. त्यात कॉमिक्सच्या दुकानाचा जाडा मालक त्या उंदीर-मांजराच्या कार्टूनचा नवा भाग बघून जाहीर करतो, की हा आजवरचा सगळ्यांत वाईट भाग. बार्ट त्याला म्हणतो, अरे, त्यांनी इतक्या तासांची करमणूक तुला फुकट दिली, आता तुझं काय देणं लागतात ते? तर त्याचं म्हणणं, मी एकनिष्ठ प्रेक्षक आहे, माझं देणं लागतात. त्याच भागाने 'फ्लिंटस्टोन्स'चा विक्रम मागे टाकला, अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत सर्वांत जास्त भाग झालेली कार्टून मालिका म्हणून. विक्रमाच्या दिवशी त्यांनी पेढे वाटायचे सोडून मामांना पडद्यावर बसवलं.

लोक तेव्हा हसले आणि दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य गंभीरपणे वापरायला लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शाळेचा हेडमास्तर भलताच कोणी तोतया निघाला, तेव्हापासून मालिका संपली असं मानणारा एक पंथच आहे. तो पंथ तेव्हापासून प्रत्येक भाग बघतोय. २०२४ च्या सप्टेंबरात बार्टचा अकरावा वाढदिवस आला आणि हाच शेवट आहे असं भासवणारा भाग आला. मालिकेचा शेवट यंत्राच्या बुद्धीने लिहिलाय अशी त्यात गंमत होती. सगळ्या गोष्टी धडाधड निकालात निघत जातात आणि बिचारा बार्ट घाबरून जातो. तेव्हाही लोकांच्या काळजात धस्स झालं. ज्यांनी संपवा म्हणून वीस वर्षं घोषा लावला होता, त्यांच्या तर जास्तच.

मला विचाराल तर मार्जचा भाग चांगला आहे, फार चांगला नाही. गोष्टीची धावपळ अंमळ जास्त झालीय. पण एक जागा अशी आहे की त्यासाठी सगळं माफ. शेवटी मार्ज स्वर्गात दिसते आणि तिच्याबरोबर रिंगो स्टार, बीटल्सचा ढोलकवाला. नवख्या माणसाला हा नुसता चावटपणा वाटेल. पण १९९१ च्या एका भागात आहे, की मार्जने शाळेत असताना रिंगोचं चित्र काढून त्याला पाठवलेलं असतं आणि कितीतरी वर्षांनी त्याचं उत्तर येतं. चौतीस वर्षांपूर्वीचं ते पत्र कोणीतरी लक्षात ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. मार्जचा आवाज पहिल्यापासून ज्युली कॅव्हनर काढतात. त्यांचा जन्म १९५० चा. आवाज आता खरखरीत झालाय, दमलाय. त्यावरही चाहत्यांची तक्रार आहे: बदला आता. चित्रातली मार्ज पस्तिशीची, आतली बाई पंचाहत्तरीची. मी हे तायडीला त्या फोनवर सांगत होतो, तर ती मधेच म्हणाली, "मायचा आवाज पण तसाच झालाय रे. रविवारी ऐकते ना मी." मी रोज मायबरोबर राहतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ती म्हणाली, बघायचा का? मी म्हटलं, काय? म्हणाली, तोच भाग. आत्ता. मी इकडे लावते, तू तिकडे लाव, एक-दोन-तीन म्हणू.

तिने ऑफिसात काय थाप मारली माहीत नाही. मी टीव्हीवर लावला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तिघांत दोन सेकंदांचा फरक पडत होता. ती आधी हसायची, मग आम्ही. थडग्याचा दगड आला तेव्हा तिने थांबव म्हणून सांगितलं. "पोर्क चॉपला मसाला लावणारी," तिने मायला मराठीत वाचून दाखवलं. पोर्क म्हणजे काय ते सांगायचं आम्ही दोघांनी शिताफीने टाळलं. आपल्यात दगड उभारत नाहीत. अप्पांच्या अस्थी आम्ही चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात सोडल्या, तिथे आता पाणीच आहे. पण माय विचारात पडली. काळा मसाला ती अजून स्वतः भाजते, आणि मिशिगनला दर वर्षी दोन किलो जातो.

"मसालानं नाव लिखतस का त्यास्नामा?" असं तिने विचारलं. आणि मग, "बरं शे."

भाग संपता संपता मी म्हटलं, "तायडे, ते लिसाचं... मी तेव्हा चुकीचं लिहिलं होतं."

दोन सेकंदांनी तिच्यापर्यंत पोचलं. ती म्हणाली, "सात वर्षं लागली तुला. मेमो."

मी काही बोलणार तेवढ्यात टीव्हीने आपणहून पुढचा भाग लावला. ढग आले, गाणं सुरू झालं, मोटारीतून मार्ज घरी आली, सगळे धावत सोफ्यावर. मायने चष्मा सारखा केला.

"मरनी व्हती ना ती? मंग आते कसी उनी?"

तिकडून तायडी समजवायला लागली, की माय, ते भविष्य होतं, हे आत्ताचं आहे, म्हणजे अजून झालेलं नाही, आणि तसंच होईल असंही नाही. मी माझ्या परीने वेगळंच समजवायला लागलो. आमचंच जुंपलं, की जे दाखवलं ते घडलं असं धरायचं की नाही. माय दोघांकडेही लक्ष न देता मार्जच्या त्या हातभर उंच निळ्या केसांकडे बघत होती.

"एवढा केसस्ले तेल कितलं लागस व?"